‘कानोसा’तली किरकोळ सुधारणा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि ‘कानोसा’ न्यासाचे प्रमुख माननीय सत्यनारायण राव, चेन्नईहून मुद्दाम वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे, न्यासाचे तांत्रिक सल्लागार श्री. सुब्रमण्यम, जिला निरोप द्यायला आपण जमलो ती विनुता, तिरुवैयारुहून टाउन बसने उन्हात आलेल्या आमच्या जयश्री अक्का, आणि तंजावूरच्या या मंडपात जमलेल्या वडीलधाऱ्यांनो, लेकी-सुनांनो, आणि मराठीत विचारलेल्या प्रश्नाला तमिळमध्ये उत्तर देणाऱ्या मुलांनो, सगळ्यांना या भरद्वाज मास्तराचा नमस्कार.

आत येताना दारात अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “मास्तर, आज गोड बोला.” मी गणिताचा मास्तर. आयुष्यभर पोरांना गोड बोलून काही शिकवता आलं नाही. तरी प्रयत्न करतो. जमेलच असं नाही.

पत्रिका आपल्या सर्वांच्या हातात आहे. छपाई सुंदर आहे. तिच्यात लिहिलंय की विनुता ‘वैयक्तिक कारणांमुळे’ कानोसाच्या कामातून मोकळी होत आहे. हे वाचून मी तिला फोन केला. विचारलं, “काय गं, कसलं वैयक्तिक कारण? तब्येत बरी आहे ना?” ती म्हणाली, “मला पण पत्रिकेतूनच कळलं, अण्णा.”

तेव्हा ते कारण काय, हे सांगायचं काम कोणीतरी करायला हवं. माईक माझ्या हातात आलाय, तर मीच करतो.

इथे नवीन माणसंही दिसतात, म्हणून थोडं मागून सुरुवात करतो. विनुता पॉलिटेक्निकमध्ये कॉम्प्युटर शिकवते. तिच्या घरी कपाटभर जुनी मराठी पुस्तकं होती. आजोबांची. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी असतात तशी, आणि बहुतेकांच्या घरी असतं तसंच तिथेही, वाचायला कोणी नाही. तिच्या आईला तमिळ उत्तम वाचता यायचं, पण ही आपली बाळबोध, देवनागरी अक्षरं तिला कोणी शिकवली नव्हती. सरस्वती पूजेला पुस्तकांना हळदकुंकू लावायचं आणि परत कपाटात ठेवायचं. एकदा आई म्हणाली, “यात काय आहे ते न कळताच मी मरणार.” विनुताने त्या सुट्टीत कॉम्प्युटरला ती पानं वाचायला शिकवलं. कॉम्प्युटर वाचायचा आणि आई ऐकायची. तो पहिला कानोसा.

मग कल्याणराम आला. तो समोरच बसलाय, उजव्या बाजूला. जन्मापासून त्याला दिसत नाही. सरकारी शाळेत इतिहास शिकवतो, आणि मी पाहिलेल्या शिक्षकांत त्याच्याइतका वर्ग काबूत ठेवणारा दुसरा नाही. त्याने विनुताला विचारलं, “अक्का, हा तमिळ पण वाचेल का मला?” विनुता म्हणाली, “बघते.” तिचं ‘बघते’ म्हणजे होणार असं समजावं. पाहता पाहता कानोसा तमिळही वाचू लागला, आणि ज्यांना दिसत नाही अशी कितीतरी माणसं, तिरुचीपर्यंतची, मदुरैपर्यंतची, त्याच्यावर पेपर ऐकू लागली, परीक्षा देऊ लागली, औषधाच्या पुड्यांवरचं लिहिलेलं ऐकू लागली.

आणि हे सगळं मोकळं होतं. फुकट आणि मोकळं यात फरक आहे, तो विनुता प्रत्येक बॅचला सांगते, मी एकदाच सांगतो. ओपन सोर्स म्हणजे कानोसा कसा बनवला ते सगळ्यांना दिसतं. कोणीही घ्यावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा. अट एवढीच की पुढच्यालाही तीच मोकळीक द्यायची. आपल्या ओरत्तनाडूला छत्र होतं, अन्नछत्र, वाटसरूला जेवण मिळायचं. जेवून उठताना ‘आता तुझा उजवा हात आमचा’ असं कोणी म्हणत नव्हतं. एवढं लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता आवाज. यंत्राचा आवाज तेव्हा फार वाईट होता. पत्र्यावर चमचे पडल्यासारखा. कोणीतरी माणसाने आपला आवाज द्यायला हवा होता, आणि विनुता तिरुवैयारुला जयश्री अक्कांकडे गेली. अक्का गाणं शिकवतात. त्यांचे शब्द इतके स्वच्छ की ‘ळ’ ऐकावा तर त्यांच्या तोंडून. विद्यार्थी यायच्या आधी सकाळी त्या खिडक्या लावून घ्यायच्या, पंखा बंद करायच्या, आणि घामाघूम होऊन विनुताने दिलेली वाक्यं वाचायच्या. तमिळ आणि मराठी दोन्ही. महिनोन्‌महिने. उच्चार तपासायला मी शेजारी असायचो. एकही पैसा घेतला नाही. अट मात्र घातली. मला ती शब्दशः आठवते, कारण मी तिथेच बसलो होतो. म्हणाल्या, “विनुता, हा आवाज वाचून दाखवायला देत्यें. दुसऱ्या कशाला नाहीं. सरि?”

विनुताने कबूल केलं, “सरि, अक्का.”

म्हणून कानोसा सगळ्यांचा होता, पण अक्कांची मूळ ध्वनिमुद्रणं न्यासाच्या कॉम्प्युटरवर वेगळी, जपून ठेवलेली होती. ती विनुताची नव्हती आणि न्यासाचीही नव्हती. ती अक्कांची होती.

एवढी पार्श्वभूमी पुरे. प्रमुख पाहुणे हसून मान डोलावताहेत, त्याबद्दल त्यांचा आभारी आहे. त्यांना मराठी येत नाही, हे मला माहीत आहे. सुब्रमण्यम, तू त्यांच्या शेजारीच आहेस, थोडं भाषांतर करून सांगशील का? नको? बरं. राहू दे.

तर, ध्वनिमुद्रणातून बोलता आवाज घडवणारा जो भाग होता, तो विनुताने लिहिलेला नव्हता. तो बाहेरच्या लोकांनी लिहिलेला, मोकळाच, कानोसात जोडलेला. सॉफ्टवेअरच्या जगात असंच चालतं. कोणी सगळं स्वतः दळत-कांडत बसत नाही. तो भाग काही वर्षांनी एका कंपनीने विकत घेतला. कंपनीने त्याची नवी आवृत्ती काढली, आणि तिचं लायसन्स बदललं.

नवी आवृत्ती चांगली होती, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. जुनीत जयश्री अक्का थोड्या अडखळत बोलायच्या, बसचा कंडक्टर थांबे सांगतो तसं. नवीत अगदी माणसासारखं. श्वास घेऊन, थांबून, प्रेमाने. आम्हा सगळ्यांना कंपनीचा, दुसऱ्या कोणाच्या आवाजातला नमुना ऐकवला तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला.

आणि लायसन्स? वापरायला तेही फुकट. फक्त आत एक कलम. आवाज घडवण्यासाठी मूळ ध्वनिमुद्रणं कंपनीच्या यंत्रावर पाठवायची, आणि त्यातून जो आवाज घडेल तो कंपनी कुठेही, कशासाठीही वापरू शकेल, कोणालाही देऊ शकेल. कायमचा.

हे न्यासाच्या बैठकीत आलं. त्या बैठकीला मी हजर होतो. सल्लागार म्हणून माझं नाव छापतात ना, त्या नात्याने. सुब्रमण्यम विनुताला म्हणाला, “अक्का, सगळे हेच वापरतात आता. लायसन्स कोण वाचतं?”

विनुता म्हणाली, “मी वाचलं.”

“ते कलम नुसतं असतं हो. सगळ्यांच्यात असतं.”

“नुसतं असतं तर त्यांना काढायला सांग. काढतील?”

सुब्रमण्यमने अध्यक्षांकडे पाहिलं. मग आपले अध्यक्ष बोलले. त्यांनी सांगितलं की कंपनी न्यासाला एक पूर्ण कॉम्प्युटर लॅब देणार आहे, थंडगार, काचेच्या दारांची. चेन्नईच्या कार्यक्रमात न्यासाला सन्मान मिळणार आहे. आणि म्हणाले, “विनुता, तू हुशार आहेस गं, पण शंका फार काढतेस. संस्था मोठी व्हायला हवी की नको?”

विनुता म्हणाली, “आवाज आपला असता तर मी शंका काढली नसती. तो जयश्री अक्कांचा आहे. त्यांना विचारा. त्या हो म्हणाल्या तर मी स्वतः जोडून देते.”

साधी गोष्ट नाही का? तिरुवैयारु काय परदेशात आहे? पलीकडच्या गल्लीत जाऊन रिक्षात बसलं की पोचतो माणूस. कोणी गेलं नाही. विरोधात विनुताचा आणि माझा हात वर झाला. बाकीचे हात... जाऊ द्या. ते हात आज इथे टाळ्या वाजवायला आलेले आहेत, त्यांचं स्वागत आहे. त्या दिवशी निर्णय मात्र झाला नाही. विनुता म्हणाली, कानोसाच्या कोडची मुख्य मी आहे, माझ्या हाताने हे आत जाणार नाही. विषय पुढे ढकलला.

मग विनुताच्या आईचं तिरुचीला ऑपरेशन झालं. ती रजा घेऊन आईजवळ राहिली. तेवढ्यात इकडे सुब्रमण्यमच्या हातून नवी आवृत्ती कानोसात जोडली गेली. अक्कांची ध्वनिमुद्रणं कंपनीकडे गेली. ओपन सोर्समध्ये प्रत्येक बदलाची नोंद सगळ्यांना दिसते आणि बदल काय केला ते दोन शब्दांत लिहायचं असतं. सुब्रमण्यमने लिहिलं, ‘किरकोळ सुधारणा’.

मी तेहतीस वर्षं पोरांचे पेपर तपासले. कॉपी केलेली पोरं पाहिली, पानं फाडणारी पाहिली. इतकं निर्लज्ज उत्तर मी कधी पाहिलं नाही.

सुब्रमण्यम, खाली बघू नकोस. मला तुझा राग नाही आला त्या वेळी. मला किळस आली. राग माणसावर येतो. हे काहीतरी दुसरंच होतं.

विनुता परतली. तिला दिसलं. तिने विचारलं तेव्हा अध्यक्षांनी सांगितलं, “झालं ते झालं. आता उकरू नको. आवाज बघ किती गोड येतो.”

गोड. त्यांना हा शब्द फार आवडतो.

ध्वनिमुद्रणं परत मिळवून मगच अक्कांना सांगू, म्हणून विनुता कंपनीला पत्रं लिहीत राहिली. थोड्या महिन्यांनी मला कल्याणरामचा फोन आला. सहसा तो मजा करत बोलतो. त्या दिवशी त्याच्या आवाजात काहीतरी वेगळं होतं. म्हणाला, “अण्णा, एक विचारूं? जयश्री अक्कांनी औषध विकायला सुरुवात केली का?”

मी म्हटलं, “वेड लागलं काय तुला?”

“मग हे ऐका.” त्याने फोनवर आलेला कॉल नोंदवून ठेवला होता. तो लावला.

मी ऐकलं. जयश्री अक्का होत्या. तमिळमध्ये, अगदी मायेने, श्वास घेऊन, थांबून, त्या सांगत होत्या की डोळ्यांची कोणतीही तक्रार असो, हे थेंब घाला, गेलेली दृष्टीसुद्धा परत येते. एक दाबा, औषध घरी येईल. आणि शेवटी, याच्याबरोबर दुसऱ्या कुठल्याही औषधाची गरज नाही.

कंपनीने तो आवाज कोणा औषधवाल्याला दिला होता. लायसन्समध्ये तसं लिहिलंच होतं, कोणालाही, कशासाठीही. आणि औषधवाल्याने काय केलं, कोणाला फोन लावले? ज्यांना दिसत नाही त्यांना! तो आवाज रोज त्यांना धडा वाचून दाखवतो. बाटलीवर लिहिलेली तारीख वाचून सांगतो. दिसणाऱ्या माणसाला डोळ्यांचा जेवढा भरवसा, तेवढा यांना त्या आवाजाचा. त्या आवाजाला डोळ्यांच्या थेंबांची जाहिरात करायला लावली. यांना फोन नंबर कुठून मिळाले, ते मला अजून कळलेलं नाही. विचारलं होतं. उत्तर नाही आलं.

विनुता आणि मी तिरुवैयारुला गेलो. अक्कांना तो कॉल ऐकवायचा कसा, हे बसमध्ये आम्हा दोघांनाही सुचेना. शेवटी विनुताने सरळ फोन त्यांच्या हातात दिला. अक्कांनी ऐकलं. परत लावायला सांगितला. डोळे मिटून दुसऱ्यांदा ऐकलं, जसं विद्यार्थ्याचं गाणं ऐकतात. मग म्हणाल्या, “हे वाक्य मीं कधी म्हटलं नाहीं. पण हा श्वास माझा आहे. मी अशीच थांबत्यें.”

विनुता रडायला लागली. अक्का रडल्या नाहीत. उठून मागे गेल्या, चूळ भरली. परत आल्या, पुन्हा गेल्या, पुन्हा चूळ भरली. मग म्हणाल्या, “अंगावर पाल पडल्यावर कसं होतं, तसं होतंय मला. धुवून जात नाहीं.”

थोड्या वेळाने त्यांची शिकवणीची मुलं आली. अक्का म्हणाल्या, आज गाणं नाही. मुलं गेली. त्या दिवसापासून पुढे बरेच दिवस त्यांनी शिकवलं नाही. एवढ्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं.

मला वाटलं, याच्याहून वाईट काय होणार? पण वाईटाला तळ नसतो, हे मला या वयात समजलं.

आपले रघोजी आहेत. तिसऱ्या रांगेत, सून राजम त्यांच्या शेजारी बसली आहे. आयुष्यभर त्यांनी सरकारी बस चालवली. तंजावूर-पट्टुकोट्टै रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा त्यांना नावाने माहीत होता. निवृत्त झाल्यावर काचबिंदूने एक डोळा गेला. दुसऱ्यात थोडी दृष्टी होती. दारातल्या झाडाची सावली दिसायची, नातीने कोणत्या रंगाचा परकर घातलाय ते सांगता यायचं, ताटातला भात कुठे आणि रसम कुठे ते दिसायचं. ती दृष्टी टिकवायला डॉक्टरांनी रोज घालायचे थेंब दिले होते. रघोजी कानोसावर पेपर ऐकायचे. जयश्री अक्कांना ते कधी भेटले नव्हते, पण घरात म्हणायचे, “आमची अक्का वाचत्ये, गप्प बसा.”

त्यांनाही फोन आला. त्यांनी एक दाबलं. औषध घरी आलं. आणि त्यांनी दवाखान्याचे थेंब बंद केले. राजमला सांगितलं नाही, कारण तिला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. दृष्टी परत आली की स्वयंपाकघरात जाऊन तिला म्हणणार होते, आज तू निळी साडी नेसलीस.

राजमच्या लक्षात आलं ते खूप उशिरा. ताट पुढे ठेवलं आणि त्यांनी हात भलतीकडे नेला. ती तशीच त्यांना घेऊन दवाखान्यात पळाली. डॉक्टरांनी तपासलं आणि बाहेर येऊन तिला सांगितलं की काचबिंदूत गेलेली दृष्टी परत येत नाही.

विनुता त्यांच्या घरी गेली. मी बरोबर होतो. रघोजी खाटेवर बसले होते, चेहरा दाराकडे. पायांचा आवाज ऐकून म्हणाले, “कोण?” विनुताने नाव सांगितलं. म्हणाले, “ये बाळ, बस.” आणि मग विचारलं, “तिनं सांगटलं म्हणून घातलं गं मीं. ती आपलीच होती ना?”

विनुता खाटेजवळ जमिनीवर बसली.  आपल्यापैकी कोणी काय उत्तर दिलं असतं?

राजम आतून पाणी घेऊन आली. ती शांत होती. विनुताला फक्त एवढंच म्हणाली, “अक्का, ते मला विचारतात, आज कोणती साडी. मी सांगत्यें. मग म्हणतात, हो का, छान दिसत असेल.”

क्षमा करा. एक घोट पाणी घेतो.

हं. न्यासाची तातडीची बैठक झाली. आमच्याकडे तातडीच्या बैठकीलाही बोंडे आणि कॉफी येते. सगळ्यांनी घेतली. मी बशी बाजूला ठेवली. विनुताने सगळं सांगितलं. अक्कांचं, रघोजींचं. बोलून झाल्यावर कोणीतरी चटणीची वाटी पुढे सरकवली.

सुब्रमण्यम म्हणाला, “त्यांनी डॉक्टरांना विचारायला हवं होतं.”

अध्यक्ष म्हणाले, “फार वाईट झालं. फारच वाईट. पण कायद्याने बघितलं तर आपला दोष नाही. लायसन्सप्रमाणेच झालं आहे.”

विनुता म्हणाली, “लायसन्सप्रमाणेच झालं. तेच तर मी म्हणत होते.”

मला तिचा अभिमान वाटला, आणि त्याच क्षणी त्या खोलीची शिसारी आली. कोणी वाईट बोललं नाही, आवाज चढवला नाही. सगळे सभ्य होते, इस्त्रीचे शर्ट, कपाळाला नाम. एका म्हाताऱ्याचा उरलेला प्रकाश गेला होता आणि चर्चा चालली होती ती लॅबच्या उद्घाटनाची तारीख पुढे न्यावी लागेल का याची.

विनुताने चर्चा सोडून कामाला हात घातला. जे एकदा मोकळं दिलं ते परत बंद करता येत नाही, हा या क्षेत्रातला एक चांगला नियम आहे. कंपनीने लायसन्स बदललं ते पुढच्या आवृत्तीपासून, मागची आवृत्ती अजून मोकळीच होती. विनुताने नवा भाग मुळासकट काढला आणि जुना परत बसवला. मग अक्कांकडे जाऊन विचारलं, तुमचा आवाज जुन्या पद्धतीने पुन्हा घडवू का?

अक्का म्हणाल्या, “नको. काढून टाक मला त्याच्यातून.”

विनुताने काढला. अक्कांनी वकिलामार्फत नोटीस दिली, तेव्हा औषधवाल्याचे फोन बंद झाले. पण कंपनीकडे गेलेला आवाज परत मिळाला नाही. कंपनीने कळवलं, लायसन्स कायमचं आहे. उद्या तो आवाज अजून काय काय विकेल, कोणाला ठाऊक.

विनुताने दुरुस्त केलेला कानोसा आता वाचतो तो पुन्हा पत्र्यावरच्या चमच्यांच्या आवाजात. मी कल्याणरामला विचारलं, त्रास होतो का रे? म्हणाला, “नाहीं अण्णा. हा आवाज कोणाचाच नाहीं. म्हणून याच्यावर संशय तरी घेता येतो.” माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढं कडू वाक्य मी कोणा शिक्षकाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

आणि आता आपण ‘वैयक्तिक कारणां’पाशी आलो.

विनुताने बदल केले आणि दोन दिवसांत न्यासाने आपल्या कानोसात ते उलटवले. कंपनीचा भाग परत बसवला. कारण काचेची दारं बसवून झाली होती. अक्कांचा आवाज आता घेता येत नाही म्हणून दुसऱ्या कोणा मुलीचा घेतलाय. ती कॉलेजात शिकते. तिला ते कलम वाचून दाखवलं का, असं मी विचारलं. मला सांगण्यात आलं, सही घेतली आहे. मी ‘वाचून दाखवलं का’ असं विचारलं होतं.

म्हणून विनुता चालली आहे. हेच ते वैयक्तिक कारण. आज जो सत्कार होतोय तो तिला दाराबाहेर नेऊन सोडण्याचा आहे, वर पोन्नाडै, म्हणजे मानाची शाल घालून. जरीची शाल आणली आहे, मी पाहिली, चांगली आहे. तिला बाहेर काढणाऱ्यांनीच ती आणली आहे. आणि जिच्याविरुद्ध तिने हात वर केला त्या कंपनीचे साहेब प्रमुख पाहुणे म्हणून ती तिच्या खांद्यावर घालणार आहेत. नमस्कार साहेब. हो, हो, तुमच्याबद्दलच बोलतो आहे. हसा, हरकत नाही.

मला काल विनुताने फोन करून सांगितलं होतं, “अण्णा, माझ्यासाठी भांडू नका. मला कोणाचा राग नाही.” तिला राग नसेल. ती मोठ्या मनाची आहे. मी नाही.

पण एक आनंदाची गोष्ट सांगतो, नाहीतर अध्यक्ष म्हणतील की मास्तर गोड बोललेच नाहीत. ‘कानोसा’ हे नाव न्यासाचं आहे, ते राहो न्यासाकडे. कानोसाचा कोड कोणाचाच नाही, म्हणजे सगळ्यांचा आहे. तो विनुताने सोबत घेतला आहे. चोरून नव्हे, हक्काने. मोकळ्या लायसन्सचा हाच तर अर्थ. ती ओरत्तनाडूला जाते आहे, तिथल्या शाळेत शिकवणार, आणि तिथूनच स्वच्छ आवृत्ती चालवणार. बाहेरचा प्रत्येक भाग जोडण्याआधी त्याचं लायसन्स मोठ्याने वाचायचं, तमिळमध्ये आणि मराठीत, असं ठरलंय. वाचणार कल्याणराम. पाठ करून, कारण त्याला कागद लागत नाही. उच्चार तपासायला मी. काल मी न्यासाला राजीनामा दिला. अध्यक्षसाहेब, तो तुमच्या टेबलावर आहे. पुढच्या पत्रिकेत माझंही वैयक्तिक कारण छापून टाका.

गेल्या आठवड्यात जयश्री अक्कांनी शिकवणी पुन्हा सुरू केली. मी बाहेर उभा राहून ऐकलं. एका मुलीचा स्वर लागत नव्हता, अक्का तिला तो परत परत गाऊन दाखवत होत्या. मी ओट्यावर बसून राहिलो. मला आत जायची हिंमत झाली नाही.

आता रीतीप्रमाणे शेवट. अध्यक्षांचे आभार, त्यांनी मला बोलायला दिलं. बहुधा पुन्हा देणार नाहीत. मंडपवाल्यांचे, माईकवाल्याचे, आत सांबार ढवळणाऱ्या मंडळींचे आभार. अक्का, एवढ्या उन्हात आलात, तुमचे आभार. विनुता, तुझे आभार मानायला मला शब्द येत नाहीत, तू समजून घे.

आणि भाषणाच्या शेवटी काही चुकलंमाकलं असेल तर क्षमा मागायची आपली पद्धत आहे. आपण नेहमी मागतो. ज्यांचं काही बिघडलेलं नसतं अशा सगळ्या सभेची मागतो, सभा टाळ्या वाजवते, आणि आपण जेवायला जातो.

या सगळ्या प्रकरणात रघोजींची क्षमा आजपर्यंत कोणी मागितलेली नाही. न्यासाने नाही, कंपनीने नाही, औषधवाल्याने नाही. मी राजमला विचारून खात्री करून घेतली.

म्हणून आज मी सभेची क्षमा मागत नाही. मी हा माईक इथे ठेवतो आणि खाली उतरून तिसऱ्या रांगेत जातो. रघोजींना दिसणार नाही कोण आलं आहे, तेव्हा समोर जाऊन प्रत्येकाने आपलं नाव सांगावं लागेल. सत्यनारायण राव, आपलं वय माझ्याएवढंच आहे, पायऱ्या तीनच आहेत. सुब्रमण्यम, तूही ये. साहेबांनाही घेऊन ये, नाव सांगायला मराठी लागत नाही.

नमस्कार.